पहाटेचा कोंबडा आणि ४५ डेसिबल

घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, करावे या गावांत परसात कोंबड्या पाळणं कधी थांबलंच नाही. शेती तेवढी थांबली. १९७० नंतर नवी मुंबईसाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. भातखाचरं गेली, मिठागरं गेली, गावठाणं उरली. त्यांना खेटून सेक्टर झाले, मग टॉवर उभे राहिले आणि गावातलं खुराडं कुणाच्या तरी बेडरूमच्या खिडकीखाली आलं. आज तक्रार होते ती बहुतेक वेळा एकाच आवाजाची, पहाटेच्या आरवण्याची. कोंबड्या दिवसभर जे बोलत असतात त्याकडे कोणाचं लक्ष नसतं, आणि ऐकण्यासारखं खरं तर तेच जास्त आहे.

कोंबडी माणसाळली कधी, याचे फार जुने आकडे बरीच वर्षं सांगितले जात. जुन्या हाडांची फेरतपासणी होऊन २०२२ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा खात्रीने पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडं मध्य थायलंडमधली ठरली. ती साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची आणि भातशेती करणाऱ्या वस्तीतली आहेत. मूळ पक्षी तांबडा रानकोंबडा. आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याचाही त्यात वाटा आहे. पाळीव कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग त्याच्याकडून आल्याचं २००८ मध्ये जनुकांवरून दिसून आलं. आरवणं मात्र तांबड्याच्याच वळणाचं राहिलं.

आवाजांची पद्धतशीर नोंद सुरू झाली ती विसाव्या शतकाच्या मध्यात, ध्वनीचा आलेख कागदावर उमटवता येऊ लागल्यावर. १९८७ पर्यंत तांबड्या रानकोंबड्याच्या आवाजांचे २४ च्या आसपास प्रकार नोंदले गेले. परसात वावरलेल्या बाईला त्यातले कित्येक न शिकवता कळतात. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली हात घातला की येणारी जाडसर गुरगुर, पिल्लांना मागे ठेवणारं सततचं कुक-कुक, दाणा दिसला की भराभर होणारी तीच हाक. अंडं घातल्यावर ती जो गलका करते, त्याचं कारण मात्र अभ्यासकांमध्ये अजून ठरलेलं नाही.

सर्वांत जास्त अभ्यास झाला तो धोक्याच्या आवाजांचा. खाडीवरून घार किंवा शिक्रा आला की कोंबडा बारीक, लांबट, शिट्टीसारखा आवाज काढतो. तो कुठून आला हे चटकन कळत नाही, आणि कोंबड्याच्या दृष्टीने ते बरंच. कोंबड्या दबून बसतात, मान तिरकी करून एक डोळा आभाळाकडे लावतात. मांजर किंवा मुंगूस दिसलं तर आवाज वेगळाच, तुटक आणि मोठा, कट्-कट्-कटाक. तो ऐकून त्या ताठ उभ्या राहून आजूबाजूला बघतात. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे आवाज नुसते ध्वनिमुद्रणातून ऐकवले. समोर घार नाही, मांजर नाही, तरी कोंबड्या त्या त्या धोक्याला साजेशाच वागल्या. म्हणजे हा आवाज फक्त भीतीचा नाही, धोका वरून आहे की जमिनीवरून हेही त्यातून कळतं. याला ‘भाषा’ म्हणावं का, यावर मतं वेगळी आहेत. पण खबर पोचते हे मला निर्विवाद वाटतं.

आता आरवण्याकडे. जपानमधल्या एका विद्यापीठात कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून पाहिले, तरी ते साधारण दिवसाच्याच अंतराने आरवत राहिले. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. घड्याळ त्यांच्या शरीरात आहे, आणि ते उजेडाच्या सुमारे दोन तास आधी वाजतं. गाडीचा दिवा किंवा शेजारचं आरवणं त्यांना चेतवतं, पण तेही पहाटेच्या सुमारास सर्वांत जास्त. आपल्याकडे सूर्य जूनमध्ये सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सव्वासातच्या आसपास. म्हणजे पहिलं आरवणं बाराही महिने सहाच्या आत येणार.

खरी गुंतागुंत इथून सुरू होते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६, आणि निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. सोसायटीतलं कोणीतरी मोबाइलवरचं मीटर खिडकीशी धरतं, आकडा ६० दाखवतो, तो ग्रुपवर जातो आणि नियम मोडला असं ठरून जातं. पण नियमातले ४५ हे सरासरीचे आहेत, एका क्षणाचे नाहीत. समजा खिडकीशी ६० डेसिबलचं आरवणं दोन सेकंद टिकलं आणि तासात तीस वेळा झालं. एकूण एक मिनिट. त्या तासाच्या सरासरीत कोंबड्याचा वाटा ४२ च्या आसपास येतो. शिवाय पातळीवरून तक्रार करायची तर ती मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त वर असावी लागते. नियमांच्या प्रस्तावनेत कारखाने, बांधकामं, जनरेटर, भोंगे, हॉर्न यांची नावं आहेत, पक्ष्यांचं नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याची रात्रभराची घरघर मात्र याच सरासरीत पुरेपूर धरली जाते.

दुसरी बाजूही खरी आहे. झोप सरासरीने मोडत नाही, त्या दोन सेकंदांनी मोडते. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला हा हिशेब सांगून उपयोग नाही. फ्रान्समध्ये २०१९ मध्ये असाच वाद कोर्टात गेला, निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला आणि २०२१ मध्ये गावाकडचे आवाज आणि वास यांना वारसा मानणारा कायदा झाला. आपल्या गावठाणांसाठी तसा विचार व्हायला हवा, कारण इथे आधी कोण होतं हे उघड आहे.

दरम्यान दिवसाच्या आवाजांचं महत्त्व वाढलं आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे जिल्ह्यातच, शहापूरजवळच्या वेहळोलीत बर्ड फ्लू आढळला. आजारी कोंबडी आधी गप्प होते, खाण्याची हाक ऐकूनही येत नाही, कधी श्वासाला घरघर लागते. रोज ऐकणाऱ्याला हे लवकर कळतं. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात तर कोंबडी खूश आहे की वैतागलेली, हे नुसत्या आवाजावरून सुमारे ६९ टक्के लोकांनी बरोबर ओळखलं.

आणि ‘तेवढा एक कोंबडा काढा’ ही नेहमीची तडजोड. त्याच जपानी अभ्यासकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की कळपात आरवण्याची सुरुवात सर्वांत वरचढ कोंबडा करतो आणि बाकीचे मानाने खालोखाल. त्याला तिथून हलवलं की दुसऱ्या क्रमांकाचा सुरुवात करतो.