उपयोग माहीत नसलेल्या संशोधनाला पैसा का द्यायचा?

मूलभूत संशोधनासाठी पैसा मागितला की पहिला प्रश्न ठरलेला: याचा उपयोग काय? पैसा लोकांचा असतो, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. पण प्रामाणिक संशोधकाकडे त्या वेळी बहुधा त्याचं उत्तर नसतं.

१९६६ साली अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ गरम पाण्याच्या झऱ्यांतून नमुने गोळा करत होते. इतक्या कढत पाण्यात कोण जगतं, एवढंच त्यांना पाहायचं होतं. खर्च सरकारी विज्ञान अनुदानातून भागत होता. त्यांना एक जीवाणू सापडला, ७० अंश सेल्सिअसला मजेत वाढणारा. त्याचं नाव ठेवलं ‘थर्मस ॲक्वाटिकस’. १९६९ मध्ये त्यांनी त्याचं वर्णन छापलं, आणि माझ्या मते तितकंच मोलाचं म्हणजे, कुणालाही मागवता येईल अशा सूक्ष्मजीव-संग्रहात तो ठेवून दिला.

पुढे १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना डीएनएच्या तुकड्याच्या हव्या तितक्या प्रती काढण्याची युक्ती सुचली. हीच पीसीआर. डीएनए ९५ अंशांच्या आसपास तापवला की त्याचे दोन धागे सुटे होतात. मग तापमान उतरवायचं. पॉलिमरेज नावाचं विकर (एन्झाइम) प्रत्येक धाग्याला नवा जोडीदार विणून देतं. एकाचे दोन, दोनाचे चार, असं करत ३० फेऱ्यांत आकडा अब्जाच्या घरात जातो. घोडं अडलं ते विकरापाशी. सुरुवातीला वापरलेलं विकर ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूचं होतं. दर वेळी तापवलं की ते निकामी व्हायचं आणि प्रत्येक फेरीत नव्यानं घालावं लागायचं. झऱ्यातल्या जीवाणूचं विकर मात्र ही उष्णता सोसतं. एकदा घातलं की नळी बंद करायची, पुढचं काम यंत्र करतं. २०२० मध्ये जगभर झालेल्या आरटी-पीसीआर चाचण्यांच्या मुळाशी हीच पद्धत होती.

१९६६ मध्ये अनुदान समितीनं ‘यातून रोगाची कोणती चाचणी निघेल?’ असं विचारलं असतं, तर ब्रॉक काय सांगणार होते? पीसीआर तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हती. क्रिस्परचं, म्हणजे जनुकांत हवा तो बदल (जनुक-संपादन) करण्याच्या तंत्राचंही तसंच. फ्रान्सिस्को मोजिका स्पेनमध्ये खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएमधले पुन्हापुन्हा येणारे तुकडे अभ्यासत होते. जनुक-संपादन फार नंतर आलं.

अशा कामात खासगी कंपनीनं पैसा घालावा, ही अपेक्षा मला अवाजवी वाटते. फळ मिळायला वीस वर्षं लागणार, तेही भलत्याच क्षेत्रात, भलत्याच्याच हाती. म्हणून हा भार सार्वजनिक निधीनंच उचलायला हवा. बरेचसे प्रकल्प अशा कुठल्याच शोधापर्यंत पोहोचणार नाहीत, हेही खरं. पण कोणते पोहोचतील ते आधी ओळखता येत नाही.

आणि निधी सलग हवा. दोन वर्षं अनुदान थांबलं की विद्यार्थी दुसरी वाट धरतात, जपलेले जीवाणू मरतात, हातात बसलेलं कसब विखुरतं. तिसऱ्या वर्षी दुप्पट पैसे दिले तरी ते लगेच परत येत नाही. अर्ज तपासताना समितीनं प्रश्न नवा आहे का, पद्धत पक्की आहे का आणि निष्कर्ष सर्वांसाठी खुले राहतील का, हे जरूर कसून विचारावं.