सोरायसिस, कॅन्सर आणि जेकार्डचे पुठ्ठे

परवा शेजारचे काका भर दुपारी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून दारात उभे. सोलापूरच्या उन्हात पूर्ण बाह्या म्हणजे काहीतरी झाकणं आलंच. काकांच्या कोपरांवर बरीच वर्षं सोरायसिस आहे, लालसर चट्टे आणि वर चंदेरी खपल्या. हातातल्या मोबाईलवर फॉरवर्ड होता: 'सोरायसिस म्हणजे कॅन्सरची पहिली पायरी, जनुकांतून सिद्ध!'

पहिली पायरी वगैरे काही नाही. पण जनुकांतून असलं काही तपासतात कसं, ही गोष्ट मात्र मला फार आवडते.

त्वचेची पेशी तळाशी जन्मून वर येते आणि गळते, त्याला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हा प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो, कारण रोगप्रतिकारक पेशी उगाचच 'हल्ला, हल्ला' म्हणून ओरडत सुटतात. शिवल्याने तो पसरत नाही. अनुवंशाचा वाटा मोठा: जनुकसंचात साठाहून अधिक ठिकाणं सापडली आहेत, त्यात सगळ्यांत ठळक सहाव्या गुणसूत्रावरचं.

आता कर्करोग. 2020 साली बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज झाली आणि सोरायसिस असलेल्यांत कर्करोगाची जोखीम 1.21 पट निघाली. म्हणजे इतरांत शंभरात 10 जणांना होत असेल तर यांच्यात 12. पण याच लोकांत स्थूलपणा, धूम्रपान आणि दारूही जास्त आढळते. मग ते दोन जास्तीचे चट्ट्यांच्या खात्यावर टाकायचे की बिडीच्या?

इथे आपली चादर कामाला येते. जेकार्ड मागावर फूल कुठे उठणार हे भोकं पाडलेले पुठ्ठे ठरवतात आणि ते विणकाम सुरू होण्याआधीच तयार असतात. पुढे चादरीवर चहा सांडो, उन्हात रंग उडो, पुठ्ठ्यातलं भोक हलत नाही. जनुकांचंही तसंच. आईवडिलांकडून कोणता तुकडा येणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं गर्भधारणेच्या वेळीच ठरतं. बिडी, वजन, कामाचा ताण हे सगळं नंतरचं. म्हणून खरं कारण शोधायला लोकांची तुलना सवयींवरून नाही, जनुकांवरून करतात. या पद्धतीचं नाव मेंडेलियन रँडमायझेशन, वाटाणेवाल्या मेंडेलवरून. कल्पना मांडली डच आहारशास्त्रज्ञ मार्टाइन कातान यांनी 1986 मध्ये, तीही कर्करोगाच्याच कोड्यावर: कोलेस्टेरॉल कमी असल्याने कर्करोग होतो, की लपलेल्या कर्करोगामुळेच कोलेस्टेरॉल उतरतं? ते म्हणाले, ज्यांचं कोलेस्टेरॉल जनुकामुळे जन्मापासूनच कमी आहे, त्यांच्याकडे बघा.

हीच युक्ती 2019 मध्ये ब्रिटन आणि नॉर्वेच्या लोकांवर वापरली. ज्यांच्या पुठ्ठ्यातच जास्त वजन लिहिलंय, त्यांच्यात बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजनाचं माप) दर एका एककामागे सोरायसिसची शक्यता सुमारे 9 टक्क्यांनी वाढलेली दिसली. उलट दिशेने, म्हणजे सोरायसिसमुळे वजन वाढतं, याला भक्कम पुरावा मिळाला नाही. जास्तीच्या चरबीचा 13 प्रकारच्या कर्करोगांशी संबंध असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 मध्येच सांगितलं होतं. म्हणजे सोरायसिस आणि कर्करोग या दोन्ही फांद्या काही अंशी तरी एकाच बुंध्याला फुटलेल्या.

अडचण एकच. एका भोकाने दोन फुलं उठत असतील तर? याला प्लिओट्रॉपी म्हणतात. सहाव्या गुणसूत्राच्या त्या पट्ट्यात प्रतिकारशक्तीची जनुकं इतकी दाटीने बसली आहेत की कोणता धागा कोणी उचलला हे सांगणं जिकिरीचं. मग तो पट्टा वगळून गणित पुन्हा मांडतात, उत्तर टिकतं का बघतात. आणखी एक घोळ: त्वचेचा टी-पेशींचा लिम्फोमा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा कर्करोग, सुरुवातीला सोरायसिससारखाच दिसतो, त्यामुळे आकड्यांत सरमिसळ होते. औषधाला न जुमानणाऱ्या चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवतात तो याचसाठी.

फॉरवर्डच्या शेवटी 'रक्तशुद्धी' चूर्णाचा नंबर होताच! असल्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड निघतं. चार दिवस कातडी लखलखीत, आणि पुडी बंद केली की रोग दुप्पट जोराने उसळतो.

काकांची खरी धास्ती वेगळीच निघाली. त्यांची मेथोट्रेक्सेटची गोळी 'कॅन्सरची गोळी' आहे, असं नेटवर वाचलं होतं. ते खरंच आहे, पण सोरायसिसला तिची मात्रा कितीतरी कमी, तीही आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. काकांनी खिशातून स्ट्रिप काढली. मागे मेडिकलवाल्याने पेनाने ठळक लिहिलं होतं, 'फक्त सोमवार'.