सनई आजीचं बोलणं का खाते?

लग्नाचे, डोहाळजेवणाचे, साठीशांतीचे घरीच मोबाईलवर एडिट केलेले व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर येतच असतात, आणि बऱ्याचदा आजी त्यात काहीतरी छान सांगत असते पण मागे सनई अशी चालू असते की आजीचे नुसते ओठ हलताना दिसतात. एडिट करणाऱ्या भाच्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "म्युझिकचा व्हॉल्यूम कमीच ठेवलाय की!" आणि तो खोटं बोलत नसतो. व्हॉल्यूम कमी असूनही आवाज झाकला जातो, ह्याला मास्किंग म्हणतात, आणि ते स्पीकरमध्ये होत नाही, आपल्या कानात होतं.

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा दिसणारा कॉक्लिया असतो, उलगडला तर जेमतेम ३५ मिलीमीटर लांब. त्यात एक पडदा आहे, बेसिलर मेंब्रेन. आवाज आला की ह्या पडद्यावर लाट धावते, चादर एका टोकाला धरून झटकावी तशी. बारीक, उंच आवाजांची लाट सुरुवातीलाच उसळून विरते, खर्जातली पार शेवटच्या टोकापर्यंत जाते. गेऑर्ग फॉन बेकेशीने मृत माणसांच्या कानांत ही लाट चक्क लुकलुकणाऱ्या दिव्याच्या उजेडात बघितली, १९६१ चं नोबेल त्याला ह्याच कामासाठी मिळालं.

आता गंमत बघा, खर्जाची लाट शेवटपर्यंत जायची म्हणजे वाटेत उंच आवाजांची जागा हलवतच जाणार, उलटं मात्र फारसं होत नाही. म्हणून मोठा खालचा आवाज वरच्या आवाजाला झाकतो, वरचा खालच्याला तितका नाही. शिवाय पडद्यावर जवळजवळ जागा असलेले दोन आवाज एकमेकांना सगळ्यात जास्त त्रास देतात. हे "जवळ" म्हणजे किती? ५०० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आकडा मोठा तितका आवाज उंच) खाली साधारण १०० हर्ट्झचा पट्टा, त्याच्या वर पट्ट्याच्या मधल्या फ्रिक्वेन्सीच्या साधारण २० टक्के, म्हणजे २००० हर्ट्झपाशी ४०० हर्ट्झ रुंद. एकाच पट्ट्यात दोघं आले की जो जोरात तो जिंकतो, दुसऱ्याचा सिग्नल मेंदूपर्यंत वेगळा पोचतच नाही. एमपीथ्री फाईल लहान होते तीसुद्धा ह्याच जोरावर, जे झाकलंच जाणार आहे ते नीट साठवायचं कशाला.

बोलण्यात जोर असतो अ, आ, इ अशा स्वरांचा, तो बराचसा १००० हर्ट्झच्या खाली. पण साडी, काडी की ताडी हे कळतं व्यंजनावरून, आणि ती कुजबुजल्यासारखी बारीक व्यंजनं बरीचशी २००० च्या वर असतात. सनईचे ओव्हरटोन, म्हणजे मूळ सुराबरोबर वाजणारे वरचे सूर, नेमके त्याच भागात दाट भरलेले, वर ती श्वासभरसुद्धा थांबत नाही, कारण साथीदार मागे सूर धरून बसलेला असतो. तबल्याच्या दोन बोलांमध्ये निदान फट तरी मिळते. बासरीचे वरचे ओव्हरटोन कमजोर, त्यामुळे बोलण्याखाली बासरी चालून जाते.

मग करायचं काय, तर नुसता स्लायडर ओढू नका. ॲपमध्ये इक्वलायझर, म्हणजे आवाजाचा एकेक पट्टा वेगळा कमीजास्त करायची सोय, असेल तर म्युझिकमधला २००० ते ४००० हर्ट्झचा भाग ५-६ डेसिबलने खाली घ्या, संगीत फारसं बिघडत नाही. आजी बोलते तेवढ्यापुरतं संगीत खाली घ्यायचं त्याला डकिंग म्हणतात, बऱ्याच ॲपमध्ये ते ऑटो असतं. किती खाली? वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमावलीत बोलण्यापेक्षा २० डेसिबल खाली असं आहे, ऐकायला साधारण चौपट हळू. जास्त वाटेल पण व्हिडिओ बघणारे आजोबाही असतात आणि वयाबरोबर आधी उंच आवाजच जातात. संगीत आजीने तोंड उघडायच्या जरा आधीच उतरू द्या, कारण मोठा आवाज थांबल्यावरही साधारण १००-२०० मिलिसेकंद कान पूर्ण सावरलेला नसतो, पहिलं अक्षर तिथेच जातं.

जाता जाता, "४३२ हर्ट्झचं म्युझिक लावा, घरात पॉझिटिव्ह एनर्जी येते" असे मेसेज फिरतात. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद माणसाने ठरवलेला, त्या आकड्यात निसर्गाचं गुपित कुठून येणार? वाद्यं जुळवायला सर्रास वापरतात ते ४४० सुद्धा सोयीसाठी ठरवलेलंच, दोघांत फरक अर्ध्या सुरापेक्षाही कमी. आपल्याकडे तर प्रत्येक गवई आपल्या गळ्याला झेपेल तो सा लावतो.

सगळं झालं की व्हिडिओ हेडफोनवर न ऐकता फोनच्या स्पीकरवर ऐका, घरचे तसाच ऐकणार आहेत, आणि त्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्ज गायब होतो पण सनईचा तो २०००-४००० चा भाग अगदी ठणठणीत येतो.