वय आणि कानाचा आकार

माणसाची उंची विशीच्या आसपास थांबते, पण बाहेरचा कान म्हातारपणापर्यंत थोडा थोडा लांब होतच राहतो. लहानपणी कान फार भराभर वाढतो, पाच-सहा वर्षांच्या पोराचा कान मोठ्या माणसाच्या कानाच्या जवळपास आलेला असतो, म्हणून बालवाडीतल्या पोरांचे कान तोंडाच्या मानाने मोठे वाटतात. नंतरचा बदल एकदम सावकाश.

किती सावकाश, ते इंग्लंडच्या केंट भागातल्या फॅमिली डॉक्टरांनी मोजून बघितलं. डॉ. जेम्स हीथकोट आणि त्यांच्या जोडीच्या डॉक्टरांनी तिशीच्या पुढच्या २०६ पेशंटचे कान पट्टीने मोजले आणि १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं, की वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर, म्हणजे ५० वर्षांत साधारण एक सेंटीमीटर. पुढच्याच वर्षी जपानमधूनही तसंच आलं. फक्त एकाच माणसाचा कान वर्षानुवर्षं मोजलेला नव्हता, वेगवेगळ्या वयाची माणसं एकेकदा मोजलेली, त्यामुळे आकडा अंदाज म्हणूनच धरायचा.

खरं तर याला नुसतं वाढणं म्हणू नये, आपल्याकडचा ओघळणं हा शब्द जास्त बरोबर आहे. कानाच्या वरच्या भागात कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक भाग असतो, पाळीत ती नसतेच, नुसती कातडी आणि चरबी. वय झालं की कातडीतले कोलॅजन आणि इलॅस्टिनचे धागे सैल पडतात आणि पाळी स्वतःच्या वजनाने खाली येते, त्यात दागिना जड असला तर बघायलाच नको. आमच्या आजीच्या पाळीचं भोक आता भोक राहिलेलं नाही, उभी चीर झालीये, कुडी घातली की मोती खाली जमिनीकडे बघतो, म्हणून लग्नकार्याला जाताना ती पाळीच्या मागनं चिकटपट्टीचा तुकडा लावते. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सोनारांच्या बाजारात, जड कर्णफुलांबरोबर केसात अडकवायचे वेल मिळतात ते याचसाठी मला फार मोलाचे वाटतात, दागिन्याचा भार कानावरून वर केसात जातो. बुगडी वर कूर्चेत घालतात, ती जागा अशी लोंबत नाही. पाळी पूर्ण चिरली तर डॉक्टर जागा बधिर करून टाके घालतात, जखम भरल्यावर कान परत टोचता येतो.

कोल्हापुरात वयाशी संबंध नसलेला एक बदललेला कान तालमीत दिसतो. पैलवानाचा कान सारखा रगडला गेला की कूर्चा आणि तिच्यावरचं आवरण यांच्यात रक्त साठतं, कूर्चेला पोषण त्या आवरणातूनच मिळतं, ते तुटलं की कान जाड, टणक आणि आखडलेला होतो. तो वाढलेला नसतो, आक्रसलेला असतो. सूज ताजी असतानाच डॉक्टरकडून रक्त काढून कान दाबून बांधून घेतला तर आकार बराच वाचतो, नव्या पोरांनी हे अंगावर काढू नये.

कान मोठा झाला म्हणून ऐकू जास्त येत नाही. म्हातारपणी ऐकू कमी येतं ते बहुतेक वेळा आतल्या कानातल्या केसासारख्या बारीक पेशी मेल्यामुळे, त्या परत येत नाहीत, आणि पाळी कितीही लांबली तरी तिचा त्याच्याशी काही संबंध नसतो.