मन्रोव्हियातील दहनाचा आदेश: इबोला, अंत्यविधी आणि मानववंशशास्त्र

इबोलाची साथ आली की वाद पेटतो तो बहुतेकदा मृतदेहावरून. रोगी दगावतो तेव्हा त्याच्या शरीरात विषाणूंचे प्रमाण प्रचंड असते. त्यामुळे प्रेताला आंघोळ घालणारे, कपडे बदलणारे, शेवटचा स्पर्श करणारे सर्वाधिक धोक्यात असतात. याबद्दल दुमत नाही. दुमत आहे ते पुढच्या प्रश्नावर: अंत्यविधी बदलायचा कोणी, आणि कुटुंबाला विचारून की न विचारता? २०१४ साली पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाच्या राजधानीत, मन्रोव्हियात, निघालेल्या दहनाच्या आदेशाने हाच प्रश्न उभा केला.

या प्रश्नामागे लोकांचा सरकारवर आणि आरोग्य पथकांवर असलेला जुना अविश्वास आहे. वसाहतकाळातल्या निद्रारोगाच्या मोहिमांत मध्य आफ्रिकेतल्या गावकऱ्यांना सक्तीने रांगेत उभे करून तपासले गेले, काही ठिकाणी गावेच्या गावे हलवली गेली. लोकांच्या चालीरीतींचा अभ्यास करणारे मानववंशशास्त्रही त्या काळी अनेकदा राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी राबत होते. स्वातंत्र्यानंतर सरकारी दवाखाने उभे राहिले, पण १९८० च्या दशकात कर्जाच्या अटींपायी आरोग्यावरचा खर्च आटला.

आजच्या चर्चेची खरी सुरुवात मात्र उत्तर युगांडातल्या गुलूपासून धरायला हवी. २००० साली तिथे इबोला पसरला. ४२५ रुग्ण, २२४ मृत्यू. तिथे गेलेल्या मानववंशशास्त्रज्ञांना आढळले की अचोली लोकांकडे साथीसाठी स्वतःचे नियम आधीपासून आहेत. अचानक येऊन माणसे नेणाऱ्या रोगाला ते ‘गेमो’ म्हणतात. एखादा आजार गेमो ठरला, की रोग्याला वेगळ्या घरात ठेवायचे, घराला बोरूचे दांडे लावून खूण करायची, त्याच आजारातून वाचलेल्या माणसाने त्याची देखभाल करायची आणि मृतदेह गावाच्या कडेला पुरायचा. एरवी प्रेताला आंघोळ घालण्याचा मान आत्याचा. गेमोत तोही थांबतो. म्हणजे परंपरा इथे आडवी येत नव्हती, साथ रोखण्याची तजवीज तिच्यातच होती. हे सगळे नोंदवले गेले, छापले गेले, आणि चौदा वर्षांनी पश्चिम आफ्रिकेत गरज पडली तेव्हा सुरुवातीच्या महिन्यांत कोणी ते उघडून पाहिले नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये गिनीच्या अरण्यप्रदेशातल्या मेलियांदू गावापासून साथ सुरू झाली आणि मार्च २०१४ पर्यंत लायबेरियात पोहोचली. लायबेरिया १९८९ ते २००३ या काळातल्या यादवीतून नुकता सावरत होता. देशात पन्नासेक डॉक्टर. परदेशी मदत लाटण्यासाठी सरकारनेच इबोलाची आवई उठवली आहे, असे लोक उघड बोलत. राजधानी मन्रोव्हियाच्या रस्त्यांवर प्रेते तासन्‌तास पडून राहत. जॉन्सनव्हिलच्या पाणथळ जागेत एका रात्री तीसेक मृतदेह पुरण्याचा प्रयत्न झाला. खड्ड्यांत पाणी भरले, गावकरी संतापले. त्यानंतर काही दिवसांतच, ऑगस्ट २०१४ च्या पहिल्या आठवड्यात, राजधानी परिसरातल्या मृतदेहांचे दहन करण्याचा आदेश निघाला.

प्रशासनाची अडचण खरी होती. जागा मिळत नव्हती, पथके अपुरी होती. पण मराठी वाचकाला दहन ही मृताला निरोप देण्याची स्वाभाविक रीत वाटते, म्हणून या आदेशाची तीव्रता चटकन लक्षात येणार नाही. लायबेरियात ख्रिश्चन, मुस्लीम आणि स्थानिक श्रद्धा पाळणारे सगळेच दफन करतात. मार्चच्या दुसऱ्या बुधवारी देशभर सुट्टी असते. त्या दिवशी लोक पूर्वजांच्या कबरी झाडून-धुऊन, रंगवून, फुलांनी सजवतात. ज्याची कबरच नाही त्याच्यासाठी जायचे कुठे? शेजारच्या गिनी-सिएरा लिओनच्या सीमाभागात तर दफनाआधी देणीघेणी मिटवतात, विवाहातले राहिलेले व्यवहार पुरे करतात. त्यानंतरच मृत व्यक्ती पूर्वजांत गणली जाते. विधी चुकला तर मागे राहिलेल्यांचे नातेच अधांतरी राहते.

देशात दाहभट्टी होती ती बॉइज टाउनमध्ये, तिथल्या भारतीय हिंदू समाजाची. एरवी क्वचितच पेटणारी ती भट्टी आता रोज पेटू लागली. ट्रकमधून प्रेते येत आणि स्थानिक तरुण ती जाळत. साथ ओसरल्यावर या तरुणांना शेजाऱ्यांनी आणि कित्येकदा घरच्यांनीही दूर लोटले. कोणाची राख कोणती, हे सांगता येत नव्हते. सगळी पिंपांत एकत्र भरली जात होती.

परिणाम लगेच दिसला. लोक आजारी माणसाला लपवू लागले, रात्री चोरून पुरू लागले, मृत्यू इबोलाने झालेला नाही असा दाखला पैसे देऊन मिळवू लागले. शरदात उपचारकेंद्रांतल्या खाटा रिकाम्या पडल्या, त्यामागे दहनाची भीती हे एक मोठे कारण असल्याचे तेव्हाच सांगितले गेले. माझ्या मते हा आदेश साथ रोखण्याच्या मूळ उद्देशालाच बाधक ठरला. डिसेंबरअखेर मन्रोव्हियाबाहेर डिस्को हिल इथे दफनभूमी सुरू झाली. कबरीवर नाव आले, नातेवाइकांना अंतरावरून का होईना, उभे राहता आले. मार्च २०१५ मध्ये पिंपांतली राखही तिथे नेण्यात आली.

दरम्यान, दुसरा मार्ग गिनीत दिसला होता. किस्सी समाजातली एक गरोदर स्त्री इबोलाने गेली. गर्भ पोटात ठेवून पुरणे तिथे निषिद्ध. कुटुंब गर्भ काढण्यावर अडून बसले, आणि वैद्यकीय पथकाच्या दृष्टीने ती शस्त्रक्रिया म्हणजे जिवाशी खेळ. सोबतच्या मानववंशशास्त्रज्ञाने गावोगाव विचारपूस केली, तेव्हा एका वृद्ध जाणकाराला प्रायश्चित्ताचा विधी ठाऊक असल्याचे कळले. बकरी, पांढरे कापड, मीठ, तेल, तांदूळ एवढे साहित्य लागले; खर्च आरोग्य यंत्रणेने उचलला. दफन शांततेत पार पडले. नोव्हेंबर २०१४ मध्ये आलेल्या नव्या जागतिक नियमांत मुस्लिमांसाठी पाण्याविना शुद्धी, कफन, प्रार्थना आणि कबर खणण्यात कुटुंबाचा सहभाग या गोष्टी होत्या. तोवर हजारो माणसे गेली होती. साथीचा एकूण आकडा ११,३०० मृत्यूंच्या वर गेला.

२०१८ मध्ये काँगोच्या पूर्व भागात, किवू आणि इतुरीत, इबोला आला तेव्हा मानववंशशास्त्रज्ञ आरंभापासून पथकांत होते. तिथल्या बेनी शहरात रुग्णाला पारदर्शक भिंतींच्या खोलीत ठेवत, म्हणजे नातेवाइकांना त्याचा चेहरा दिसे. लसही हाती होती. तरीही डिसेंबरमध्ये साथीचे कारण देऊन बेनी आणि बुतेम्बोतले अध्यक्षपदाचे मतदान पुढे ढकलले गेले आणि दोन्ही शहरांची मते निकालातून वगळली गेली. हा भाग विरोधकांचा बालेकिल्ला होता. दुसऱ्याच दिवशी बेनीत निदर्शकांनी इबोला केंद्रावर हल्ला केला. वर्षानुवर्षे सशस्त्र टोळ्यांच्या कत्तली सोसणाऱ्या या लोकांचा प्रश्न होता की आमची माणसे मारली जात होती तेव्हा इबोला पथकांची ही सगळी वाहने कुठे होती. साथ जून २०२० मध्ये संपल्याचे जाहीर झाले, तोवर २,२०० हून अधिक मृत्यू झाले होते.