टुटा (टोमॅटोची पानं पोखरणारी अळी)

टुटा म्हणजे टुटा ॲब्सोल्युटा, दक्षिण अमेरिकेतला एक बारीक करड्या रंगाचा पतंग. नुकसान पतंग नाही करत, त्याची अळी करते. मूळचा पेरूकडचा, शास्त्रीय नोंद १९१७ ची. बरीच वर्षं तो तिकडेच होता, २००६ मध्ये स्पेनला पोचला आणि मग भूमध्य समुद्राभोवतीचे देश, आफ्रिका असं करत २०१४ मध्ये आपल्याकडे पुणे भागात टोमॅटोवर सापडला, कर्नाटकातही साधारण तेव्हाच. आता नवीन वर्गीकरणात त्याला थोरिमिया ॲब्सोल्युटा म्हणतात, पण दुकानात आणि प्लॉटवर टुटाच चालतं.

मादी एकेक अंडं घालते, जास्त करून पानाच्या मागच्या बाजूला, आणि एक मादी अडीचशेच्या आसपास अंडी घालू शकते. अळी बाहेर आली की थेट पानात घुसते, वरचा आणि खालचा पापुद्रा तसाच ठेवून मधला हिरवा गर खाते. असं पान उन्हाकडे धरून बघा, पांढुरका पारदर्शक डाग दिसतो, त्यात एका कडेला काळी विष्ठा साचलेली आणि नशीब असेल तर हालचाल करणारी हिरवट अळी, डोक्यामागे काळी पट्टी असलेली. नागअळी वेगळी बरं का, ती माशीची अळी, तिची रेघ बारीक आणि नागमोडी असते, टुटाचा डाग रुंद आणि वेडावाकडा. फळात टुटाची अळी बहुतेक वेळा देठाच्या हिरव्या टोपीखालून शिरते, बाहेरून टाचणीने टोचल्याएवढं भोक, आत सड, आणि असा माल क्रेटमधून बाजूलाच काढावा लागतो.

उन्हाळ्यात वाढ फार पटकन होते. १४ अंशाला अंड्यापासून पतंगापर्यंत ७६ दिवस लागतात, २७ अंशाला २४ दिवसच, म्हणजे वर्षात १०-१२ पिढ्या सहज होतात. त्यात नाशिककडे खरिपाचा टोमॅटो, जुन्नर-नारायणगावकडे उन्हाळी, एक प्लॉट संपत नाही तोच शेजारचा लागलेला, त्यामुळे तिला उपाशी राहायची वेळच येत नाही. टोमॅटो नसला तर बटाटा, वांगं, बांधावरचं कामोणीचं तण आहेच.

फवारणीवर फवारणी करून का भागत नाही तर अळी दोन पापुद्र्यांच्या आत बसलेली असते, नुसतं वरून बसणारं औषध तिच्यापर्यंत नीट पोचतच नाही, शिवाय पायरेथ्रॉइडपासून डायमाइडपर्यंत कीटकनाशकांच्या बऱ्याच गटांना तिने प्रतिकारशक्ती मिळवलीय. तेच तेच औषध दामटण्यात काही अर्थ नाही, आणि त्यात मित्रकीटक मरतात ते वेगळंच. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नराला ओढणारे) लावतात, पण त्यात फक्त नर सापडतात आणि एक नर अनेक माद्यांशी जुळतो, त्यामुळे एकट्या सापळ्यांवर विसंबू नये, पतंग कधी वाढले ते कळायला मात्र ते उत्तम. सापळ्यात नर वाढले की डाग पडलेली पानं तोडून नष्ट करायची, अळी लहान असतानाच निंबोळी अर्क किंवा बीटी (जिवाणूपासूनचं कीटकनाशक) मारायचं, अंड्यांसाठी ट्रायकोग्रामा, म्हणजे किडीच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालणारी बारीक गांधीलमाशी, सोडायची. शेडनेटला जाळी बारीक हवी आणि दार दुहेरी. सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते शेवटच्या तोड्यानंतर: झाडं उपटून बांधावर टाकून देतात, पानांत आणि मातीत कोष तसेच राहतात, आणि पुढच्या लागवडीला पतंग तिथूनच येतात.