फायब्रोमायाल्जिया : अमेरिकी माजी सैनिकांची अपंगत्व-भरपाई अपिले

सैनिकी सेवेमुळे फायब्रोमायाल्जिया जडला असा अमेरिकेतील माजी सैनिकाचा दावा तेथील माजी सैनिक व्यवहार खात्याने, म्हणजे ‘व्हीए’ने, फेटाळला किंवा त्याला अपंगत्वाची कमी टक्केवारी दिली, तर त्याविरुद्ध दाद मागण्याची प्रक्रिया. या आजारात अंगभर दुखते, रात्रभर झोपूनही शीण जात नाही, पण एक्स-रे, एमआरआय वा रक्ततपासणीत बोट ठेवावे असे काही सापडत नाही. त्यामुळे डॉक्टरांनी नोंदीत कोणते शब्द लिहिले, यावर अपिलाचे पुष्कळसे भवितव्य ठरते.

व्हीएच्या नियमावलीत या आजाराचा कोड ५०२५ आहे आणि त्यात तीनच पायऱ्या आहेत. लक्षणे आटोक्यात ठेवायला सतत औषध लागत असेल तर १० टक्के. लक्षणे येऊन-जाऊन, पण एक तृतीयांशाहून अधिक काळ असतील तर २० टक्के. कायम किंवा जवळजवळ कायम असतील आणि उपचारांना दाद देत नसतील तर ४० टक्के. याच्या वर पायरी नाही. डिसेंबर २०२४पासूनच्या दरांनुसार कुणी अवलंबून नसलेल्या व्यक्तीला १० टक्क्यांना महिना १७५.५१ डॉलर, तर ४० टक्क्यांना ७७४.१६ डॉलर मिळत. दुखणे ‘सर्वांगीण’ ठरण्यासाठी ते शरीराच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या वर आणि खाली, तसेच मणका-छातीच्या भागात आणि हातापायांत असावे लागते.

आजाराचा सेवेशी संबंध तीन प्रकारे जोडता येतो. थेट मार्गात सध्याचे निदान, सेवाकाळातील घटना वा लक्षण आणि या दोहोंना जोडणारे वैद्यकीय मत लागते. दुसऱ्या मार्गात आधीच मान्य झालेल्या आजारामुळे, उदाहरणार्थ पीटीएसडीमुळे (आघातानंतर जडणाऱ्या मानसिक ताणाच्या विकारामुळे), हा आजार झाला किंवा वाढला असे दाखवायचे. तिसरा मार्ग आखाती युद्धाच्या सैनिकांचा. २ ऑगस्ट १९९० रोजी किंवा त्यानंतर नैऋत्य आशियाच्या युद्धक्षेत्रात सेवा केलेल्यांचा फायब्रोमायाल्जिया सेवेमुळेच झाला असे कायदा गृहीत धरतो. या क्षेत्रात इराक, कुवेत, सौदी अरेबिया आहेत, तसा अरबी समुद्रही आहे. त्यामुळे जहाजावर काढलेला काळही मोजला जातो. २०२२च्या पॅक्ट कायद्याने अफगाणिस्तान, सीरिया, जॉर्डन, इजिप्त, इस्रायल आणि तुर्कस्तान यांची भर घातली, आणि आजार अमुक मुदतीत किमान १० टक्क्यांइतका दिसावा ही अटही काढली.

याच तिसऱ्या मार्गावर एक चूक वारंवार दिसते आणि ती अन्यायकारक आहे. तपासणारा डॉक्टर लिहितो, ‘हा आजार सेवेमुळे झाल्याचा पुरावा नाही,’ आणि त्या एका ओळीवर दावा फेटाळला जातो. इथे जोडणाऱ्या वैद्यकीय मताची गरजच नसते. निदान, युद्धक्षेत्रातील सेवा आणि सहा महिने किंवा अधिक टिकलेली लक्षणे एवढे पुरते. निकालपत्रात असे वाक्य सापडले तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच करावा. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१७च्या अहवालानुसार आखाती युद्धाशी जोडलेल्या आजारांचे दावे इतर दाव्यांच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश प्रमाणात मंजूर होत होते.

१९ फेब्रुवारी २०१९पासून अपिलाचे तीन रस्ते आहेत आणि निकालाच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत त्यांतला एक धरायचा असतो. नवा आणि संबंधित पुरावा हाती असेल तर पूरक दावा, फॉर्म २०-०९९५. पुरावा पुरेसा होता, पण वाचणारा चुकला असे वाटत असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, फॉर्म २०-०९९६. हिच्यात चूक फोनवरून समजावून सांगण्याची एक संधी मागता येते. तिसरा रस्ता अपील मंडळाचा, फॉर्म १०१८२. तिथे आहे त्या कागदांवर निर्णय, ९० दिवसांत नवा पुरावा किंवा न्यायाधीशापुढे सुनावणी यांतून निवड करायची. फेरतपासणीच्या अर्जासोबत डॉक्टरांचे ताजे पत्र जोडणे ही नेहमीची गफलत. ते पत्र विचारातच घेतले जात नाही. वर्ष उलटल्यावरही पूरक दावा करता येतो, पण थकबाकी जिच्यापासून मोजली जाते ती मूळ तारीख साधारणपणे हातची जाते.

टक्केवारीच्या भांडणात नोंदवहीइतके उपयोगी दुसरे काही नाही. तारीख, कुठे दुखले, किती तास, कोणते काम अर्धवट सोडले, काय घेतले आणि त्याने काय फरक पडला: रोज एक ओळ पुरे. ‘१२ मार्च : मान, दोन्ही खांदे, कंबर, गुडघे, सकाळी सहापासून, शर्टाची बटणे लावता आली नाहीत, गोळीने दोन तास बरे, मग पुन्हा तेच.’ तीस दिवसांच्या महिन्यात अशा अकरा नोंदी असल्या की एक तृतीयांशाची रेषा ओलांडली जाते. फाइलीत ‘औषधावर प्रकृती स्थिर’ एवढेच असेल तर दावा १० टक्क्यांकडे घसरतो. म्हणून कोणती औषधे घेतली आणि ती का पुरली नाहीत, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे. सांधे पूर्ण वळतात म्हणून टक्केवारी कमी केली असेल तर तोही अपिलाचा मुद्दा आहे, कारण कोड ५०२५मध्ये सांध्यांच्या हालचालीचा निकषच नाही.

आणखी एक विसंगती. १९९०चे वैद्यकीय निकष १८पैकी ११ ठिकाणी दाबल्यावर दुखावे असे सांगत. २०१०पासूनच्या निकषांत ही मोजणी नाही. व्हीएच्या कोडमध्ये मात्र दुखऱ्या बिंदूंचा उल्लेख कायम आहे. म्हणून निदान नव्या निकषांनी झाले असले तरी बिंदूंची तपासणी अहवालात असलेली बरी.

एकाच लक्षणाची भरपाई दोनदा मिळत नाही. पोटाचे विकार, डोकेदुखी, नैराश्य ही लक्षणे कोड ५०२५मध्येच मोडतात. त्यांना वेगळे रेटिंग, म्हणजे वेगळी टक्केवारी, मागायची तर ती ४० टक्क्यांत धरली जाऊ नयेत. नैराश्य गंभीर असेल तर ते वेगळे काढणे बहुधा फायद्याचे, कारण मानसिक आजारांची मोजपट्टी १०० टक्क्यांपर्यंत जाते. नोकरीच टिकत नसेल तर फॉर्म २१-८९४० भरून १०० टक्क्यांच्या दराने भरपाई मागता येते. त्यासाठी एकच विकार ६० टक्क्यांचा, किंवा एक ४०चा असून सगळे मिळून ७० टक्के व्हावे लागतात. फायब्रोमायाल्जियाचे ४० इथे मोलाचे ठरतात. ही बेरीज साधी नसते : ४० आणि ३० मिळून ५८ होतात आणि ते ६० धरले जातात.

मंडळानेही नाकारले तर माजी सैनिकांच्या दाव्यांसाठीच्या अपील न्यायालयात जाण्यास १२० दिवस मिळतात. या न्यायालयात नवा पुरावा चालत नाही. मंडळापुढे जे कागद होते तेवढ्यांवरच सुनावणी होते.